अर्थव्यवस्था वाढत होती, मग ट्युनिस आणि कैरो पेटले का?

प्रश्न असा आहे: ट्युनिशिया आणि इजिप्त या दोन्ही देशांत 2011 च्या आधीची वर्षं आर्थिक वाढीची होती. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक त्यांची पाठ थोपटत होत्या. मग अरब जगातले उठाव नेमके तिथूनच का सुरू झाले? कुणी फेसबुकचं नाव घेतं, कुणी महागलेल्या गव्हाचं, कुणी बेकार तरुणांच्या संख्येचं. यातलं खरं मूळ कोणतं?

उत्तर जरा लांबेल. अरब देशांतल्या कामगार चळवळी आणि धान्यावरची अनुदानं हा माझ्या अभ्यासाचा आणि शिकवण्याचा अनेक वर्षांचा विषय आहे, आणि या प्रश्नाची दोन ओळींत वासलात लावली जाते तेव्हा मला राग येतो. ज्या माणसांनी हे उठाव घडवले त्यांची कित्येक वर्षांची धडपड त्या दोन ओळींत पुसली जाते.

माझं म्हणणं आधीच सांगते. या देशांत राज्यकर्ते आणि जनता यांच्यात एक अलिखित सौदा होता. सरकार भाकरी, जमीन आणि नोकरी देईल, जनतेने राजकारणात तोंड उघडायचं नाही. 1970 नंतर राज्यकर्त्यांनी आपली बाजू थोडी थोडी करून काढून घेतली, जनतेच्या तोंडावरचा हात मात्र काढला नाही. आणि जे काढून घेतलं ते रीतसर कायदे करून मूठभर घराण्यांच्या पदरात टाकलं. उठावाचं मूळ इथे आहे. फेसबुक, गहू, तरुणांची लोकसंख्या या सगळ्यांची जागा त्यानंतर येते.

आधी आकड्यांचं बघू. वाढीचे आकडे खोटे नव्हते. इजिप्तची अर्थव्यवस्था 2006 ते 2008 या काळात वर्षाला 7 टक्क्यांच्या आसपास वाढत होती. जागतिक बँकेच्या उद्योगसुलभतेवरच्या 2008 च्या अहवालात सुधारणा करणाऱ्या देशांत इजिप्तला पहिला क्रमांक दिला होता. ट्युनिशिया जागतिक आर्थिक मंचाच्या 2010-11 च्या स्पर्धात्मकतेच्या यादीत जगात 32 वा आणि आफ्रिकेत पहिला होता. आता दुसरा रकाना बघा. इजिप्तच्या सरकारी सांख्यिकी खात्याच्या मोजणीनुसार दारिद्र्यरेषेखालच्या लोकांचं प्रमाण 2000 मध्ये 16.7 टक्के होतं, 2005 मध्ये 19.6 आणि 2010-11 मध्ये 25.2. ट्युनिशियात 2010 मध्ये एकूण बेकारी 13 टक्के, पण पदवीधरांतली बेकारी साधारण 23 टक्के. म्हणजे जितकं जास्त शिकावं तितकं घरी बसावं लागत होतं. हे दोन्ही रकाने एकाच देशाचे, एकाच काळातले. कौतुक करणाऱ्यांनी पहिला वाचला आणि पान उलटलं.

हा सौदा झाला कसा, ते इजिप्तमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसतं. 23 जुलै 1952 ला लष्करी अधिकाऱ्यांनी राजाला हटवलं आणि सप्टेंबरमध्ये जमीन सुधारणेचा कायदा आणला. कमाल धारणा 200 फेद्दान (एक फेद्दान म्हणजे एक एकराहून किंचित जास्त), पुढे 1961 मध्ये 100. कुळांचा खंड जमीन-कराच्या सात पटींवर बांधून टाकला, कुळाला सहज काढता येईना. 1960 च्या दशकात राष्ट्राध्यक्ष नासरच्या सरकारने प्रत्येक पदवीधराला सरकारी नोकरीची हमी दिली. रोटी, तेल, साखर स्वस्त मिळू लागलं. माझ्या मते या गोष्टींना कमी लेखणं चूक आहे. फेलाहांच्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या घरातला मुलगा इंजिनियर झाला तो याच काळात.

पण याची किंमत पहिल्याच महिन्यात दाखवून दिली गेली होती. ऑगस्ट 1952 मध्ये कफ्र अल-दव्वार या गावातल्या कापड गिरणीत कामगारांनी संप केला. नव्या राजवटीने आपल्याला पाठिंबा द्यावा अशी त्यांची अपेक्षा होती. लष्करी न्यायालयात खटला चालला आणि मुस्तफा खमीस आणि मुहम्मद अल-बक्री या दोन कामगारांना 7 सप्टेंबरला फाशी दिलं. जमीन सुधारणेचा कायदा आणि ही फाशी एकाच आठवड्यातली. 1957 मध्ये सगळ्या कामगार संघटना एकाच सरकारी महासंघात कोंबल्या, आणि पुढची पन्नास वर्षं स्वतंत्र संघटना निघू दिली नाही.

1967 च्या युद्धात सिनाई गेला, सुएझ कालवा बंद पडला, सरकारची तिजोरी आटली. नासरनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या सादातने 1974 मध्ये कायदा करून परकीय भांडवलाला दारं उघडली आणि कर्ज घेतलं. कर्जाबरोबर अटी आल्या. 17 जानेवारी 1977 ला सरकारने अनुदानित वस्तूंचे भाव वाढवल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अलेक्झांड्रियाच्या नौदल गोदीतले आणि कैरोजवळच्या हेलवानमधल्या कारखान्यांतले कामगार बाहेर पडले. दोन दिवसांत अलेक्झांड्रियापासून अस्वानपर्यंत शहरं पेटली. 1973 च्या युद्धात कालवा ओलांडल्याबद्दल सादातचा जो गौरव होत होता, त्याच्यावरच लोकांनी घोषणा रचली: कालवा ओलांडणाऱ्या वीरा, आमची न्याहारी कुठे आहे? लष्कर उतरलं, संचारबंदी लागली, अधिकृत मोजणीप्रमाणे 80 च्या आसपास माणसं गेली. भाववाढ मागे घ्यावी लागली. सादातने याला चोरांचा उठाव म्हटलं.

पुढची तीस वर्षं याच दोन दिवसांनी घडवली असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. राज्यकर्त्यांनी यातून एक धडा घेतला: लोकांच्या ताटातलं काढायचं असेल तर जाहीर करून काढू नका. अनुदानाच्या रोटीचा, ऐश बलदीचा भाव 1989 च्या सुमारास 5 पियास्टर झाला आणि तिथेच गोठला. 100 पियास्टरचा एक पौंड, म्हणजे एका पौंडाला 20 रोट्या. पण रोटीचं वजन उतरत गेलं, पिठात कोंडा वाढला. बेकरीवाल्याला अनुदानाचं पीठ मिळे त्याचा काळ्या बाजारातला भाव कित्येक पट, त्यामुळे पोतं मागच्या दाराने जाई आणि पुढच्या खिडकीवर रांग लागे. बेकरीच्या त्या खिडकीचं दृश्य इजिप्तमध्ये राहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं. बायकांची आणि पुरुषांची वेगळी रांग, लोखंडी गजांतून आत गेलेले हात, गरम रोट्या हातात आल्या की त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून तिथेच उभ्या असलेल्या मोटारीच्या टपावर पसरून ठेवायच्या. 2008 च्या सुरुवातीला जगात गहू महागला, बाजारातली बिनअनुदानित रोटी परवडेना, आणि सगळं गाव या खिडक्यांवर लोटलं. रांगांतल्या भांडणांत आणि चेंगराचेंगरीत माणसं मेली. मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारकने लष्कराच्या बेकऱ्यांना जनतेसाठी रोटी भाजण्याचा हुकूम दिला. भाव तेव्हाही 5 पियास्टरच होता. आकडेवारीत काहीच बदललेलं नव्हतं.

जमिनीचंही तसंच झालं, फक्त तिथे कायदा उघड होता. 1992 च्या 96 क्रमांकाच्या कायद्याने खंड आधी जमीन-कराच्या सात पटींवरून बावीस पटींवर नेला, आणि ऑक्टोबर 1997 पासून खंडावरची मर्यादा आणि कुळाचं संरक्षण दोन्ही काढून टाकलं. पिढ्यान्‌पिढ्या कसणारी लाखो कुळं उघड्यावर आली. गावोगाव मारामाऱ्या झाल्या, पोलीस जमीनमालकांच्या बाजूने उतरले. कैरोच्या वर्तमानपत्रांत याची फारशी दखल नव्हती, आणि बाहेरच्या जगात तर अजिबात नव्हती. 2011 च्या गर्दीतले कित्येकजण अशाच घरांतून शहराकडे आलेले होते.

कारखान्यांची पाळी 1991 मध्ये आली. 203 क्रमांकाच्या कायद्याने 314 सरकारी कंपन्या विक्रीच्या वाटेवर आणल्या. खरा वेग आला जुलै 2004 नंतर, पंतप्रधान अहमद नझीफच्या मंत्रिमंडळात. युनिलिव्हरमध्ये वरच्या पदावर राहिलेले रशीद मोहम्मद रशीद व्यापार-उद्योगमंत्री झाले, मोठे उद्योजक वाहतूक आणि गृहनिर्माण खात्यांचे मंत्री झाले. पोलादाच्या बाजारात सगळ्यात मोठा हिस्सा असलेले अहमद इझ्झ हेच संसदेच्या अर्थसंकल्प समितीचे अध्यक्ष आणि सत्ताधारी पक्षाचे संघटन सचिव. राष्ट्राध्यक्षांचा मुलगा गमाल पक्षाच्या धोरण समितीचा प्रमुख. 2005 मध्ये कंपन्यांवरचा कर निम्म्यावर, 20 टक्क्यांवर आणला. ज्याला नियम करायचे होते आणि ज्याला नियमांचा फायदा होणार होता, तो एकच माणूस होता. याला लोक भ्रष्टाचार म्हणायचे आणि ते बरोबरच होतं, पण लाच खाणाऱ्या कारकुनापेक्षा ही गोष्ट फार मोठी होती. इथे सगळं कायदेशीर होतं.

आता महल्लाकडे येते, कारण 2011 ची तालीम तिथे झाली. महल्ला अल-कुब्रा हे नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं गिरणगाव. तिथली मिस्र कताई-विणाई गिरणी 1927 मध्ये तलअत हर्ब यांच्या बँक मिस्रने काढली, परकीयांच्या तोंडाकडे न बघता इजिप्तच्या पैशाने इजिप्तचा कापूस विणायचा म्हणून. 2006 मध्ये तिथे 24,000 च्या आसपास कामगार होते. मार्च 2006 मध्ये पंतप्रधानांनी सरकारी कारखान्यांतल्या कामगारांना वर्षाचा बोनस दोन महिन्यांच्या पगाराएवढा जाहीर केला. त्याआधी तो ठरीव 100 पौंड होता, 1984 पासून तेवढाच. डिसेंबरमध्ये पगाराचं पाकीट हातात आलं तर त्यात जुनेच 100 पौंड, तेही कर कापून. कामगारांनी पगार घ्यायला नकार दिला. 7 डिसेंबरला सकाळी तयार कपड्यांच्या विभागातल्या सुमारे 3,000 बायका मशिनं सोडून उठल्या आणि कताई-विणाईच्या खात्यांकडे चालत गेल्या. पुरुषांची मशिनं अजून चालू होती. "बाया इथे आल्या, बाप्ये कुठे आहेत?" अशा घोषणा देत त्या आत शिरल्या आणि एकेक खातं बंद पडत गेलं. दुपारपर्यंत गिरणीच्या फाटकासमोर हजारोंचा जमाव होता. रात्री कामगार आतच राहिले. चौथ्या दिवशी सरकारने माघार घेतली: 45 दिवसांचा बोनस, आणि गिरणी विकणार नाही असं आश्वासन.

ही बातमी कफ्र अल-दव्वारला पोचली, शिबीन अल-कोमला पोचली, सिमेंट कारखान्यांत आणि रेल्वेत पोचली. डिसेंबर 2007 मध्ये मालमत्ता कर वसूल करणाऱ्या कारकुनांनी कैरोत थेट मंत्रिमंडळाच्या कार्यालयासमोर रस्त्यावर मुक्काम ठोकला, बायकापोरांसह, आणि पगारवाढ घेऊनच उठले. त्यांनीच पुढे 1957 नंतरची पहिली स्वतंत्र कामगार संघटना काढली, आणि 2009 मध्ये सरकारला तिची नोंद घ्यावी लागली. 1998 ते 2010 या काळात 20 लाखांहून अधिक कामगारांनी संप, धरणी, मोर्चे यांत भाग घेतला असा अभ्यासकांचा अंदाज आहे. राजधानीच्या मध्यावर रात्रंदिवस बसून कसं राहायचं, जेवणाची सोय कशी लावायची, पोलिसांशी बोलायला कुणाला पुढे करायचं, हे 2011 मध्ये कैरोच्या तहरीर चौकात ठाण मांडून बसलेल्या कुणाला आकाशातून उमगलं नाही.

फेसबुकचा मुद्दा इथे सुटतो. 6 एप्रिल 2008 ला महल्लाच्या कामगारांनी देशभरातल्या किमान वेतनवाढीसाठी संपाची हाक दिली होती. त्यांना पाठिंबा म्हणून कैरोतल्या काही तरुणांनी फेसबुकवर गट काढला आणि त्याला हजारो सभासद मिळाले. त्यातूनच 6 एप्रिल चळवळ उभी राहिली, जिने पुढे इजिप्तचा उठाव ज्यातून सुरू झाला त्या 25 जानेवारी 2011 च्या मोर्चाचं आवाहन करण्यात मोठा वाटा उचलला. प्रत्यक्ष 6 एप्रिल 2008 ला गिरणी पोलिसांनी ताब्यात घेतली आणि संप होऊ दिला नाही, पण दुपारी महल्लाच्या चौकात बायका रोटीच्या भावावरून ओरडू लागल्या आणि दोन दिवस शहर पेटलं. मुबारकचं भलंमोठं चित्र लोकांनी खाली ओढून पायदळी तुडवलं. त्याचं चित्रीकरण देशाने पाहिलं. चळवळीचं नाव ज्या तारखेवरून पडलं, ती तारीख गिरणीकामगारांनी ठरवलेली होती. शेवटच्या आठवड्यातही असंच झालं. 8 फेब्रुवारी 2011 पासून सुएझ कालव्याच्या सेवा कंपन्या, कैरोच्या बससेवा, कापड गिरण्या बंद पडू लागल्या, आणि 11 तारखेला मुबारक पायउतार झाला. चौक अडवून धरला तरी राजवट तग धरू शकली असती. बंदरं आणि बस थांबल्यावर सेनापतींना हिशेब मांडावा लागला.

कापसाचा विषय निघालाच आहे तर आपल्याशी जोडलेला एक धागा सांगून पुढे जाते. अमेरिकेतल्या यादवीत, 1861 ते 1865 या काळात, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना तेव्हा दोन बंदरांचं नशीब उघडलं, मुंबई आणि अलेक्झांड्रिया. मुंबईत शेअरचा सट्टा फुगला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच फुटला. इजिप्तमध्ये त्या कापसाच्या भरवशावर तिथला शासक खेदिव इस्माईलने कालवे, रेल्वे, राजवाडे यांच्यासाठी युरोपातून कर्जं उचलली. 1875 मध्ये सुएझ कालव्यातले शेअर ब्रिटनला 40 लाख पौंडांना विकावे लागले, 1876 मध्ये देणी थांबली, आणि युरोपीय सावकारांचे प्रतिनिधी इजिप्तच्या तिजोरीवर बसले. शेतकऱ्यांवरचा कर वाढला, देशी सैनिकांची कपात झाली. 1881-82 मध्ये कर्नल अहमद उराबीचा उठाव झाला तो यातून. तो चिरडायला ब्रिटिशांनी जे सैन्य नेलं त्यात हिंदुस्थानी पलटणीही होत्या. कर्ज, परकीय हिशेबनीस, शेतकऱ्याच्या पोटाला चिमटा आणि मग उठाव हा क्रम इजिप्तमध्ये 2011 ला पहिल्यांदा घडला नाही.

ट्युनिशियाची गोष्ट वेगळ्या भूगोलाची आहे. फ्रेंचांच्या काळापासून त्या देशाचे दोन भाग पडले. किनाऱ्यावर बंदरं, हॉटेलं, कारखाने. आतल्या भागात फॉस्फेटच्या खाणी, धान्य आणि मजूर. गफ्सा परिसरातलं फॉस्फेट रेल्वेने स्फाक्सच्या बंदरात जायचं आणि नफा त्याच्याही पुढे. 1980 च्या दशकात नाणेनिधीचा कार्यक्रम आला, यंत्रं वाढली, खाण कंपनीतल्या नोकऱ्या पंधरा-वीस वर्षांत एक-तृतीयांशावर आल्या. दुसरं काही काम त्या गावांत नव्हतं. 5 जानेवारी 2008 ला कंपनीने भरतीची यादी लावली. खाणीत जायबंदी झालेल्या कामगारांच्या मुलांसाठी राखलेल्या जागाही वशिल्याने वाटल्या गेल्याचं लोकांनी पाहिलं, आणि रेदेयफ गावात बेकार तरुण आणि खाणकामगारांच्या विधवा रेल्वेच्या रुळांवर तंबू ठोकून बसल्या. आंदोलन सहा महिने चाललं. या आंदोलनाचं नेतृत्व गावातल्या शिक्षकांनी केलं, त्यात अदनान हाज्जी हे शिक्षक संघटनेचे कार्यकर्ते पुढे होते. जूनमध्ये गोळीबार झाला, लष्कर आलं, पुढाऱ्यांना लांबलचक शिक्षा झाल्या. ट्युनिसच्या सरकारी दूरदर्शनवर यातलं काही दिसलं नाही.

यूजीटीटी ही 1946 मध्ये स्थापन झालेली ट्युनिशियाची कामगार संघटना समजल्याशिवाय तिथला उठाव समजत नाही. स्वातंत्र्यलढ्यात तिचा मोठा भाग होता, तिचे संस्थापक फरहात हशेद यांची 1952 मध्ये हत्या झाली. 2011 मध्ये पळालेला राष्ट्राध्यक्ष बेन अलीच्या काळात संघटनेचे वरचे पुढारी सरकारशी जुळवून होते. पण तालुक्याच्या शाखांत शिक्षक, टपाल कर्मचारी, दवाखान्यातले कर्मचारी होते, आणि तिथे त्यांना राजवटीचा चटका रोज बसत होता. अरब जगात दुसऱ्या कुठल्याच देशात अशी गावोगाव कार्यालयं असलेली, सरकारला पूर्ण गिळता न आलेली संघटना नव्हती.

आणि वर कोण होतं? राजवट पडल्यावर जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी जप्त झालेल्या कंपन्यांची कागदपत्रं तपासली. 2014 मध्ये त्यांनी मांडलेला हिशेब असा: बेन अली कुटुंबाशी संबंधित 220 कंपन्या देशातल्या खाजगी क्षेत्राच्या निव्वळ नफ्यातला सुमारे 21 टक्के वाटा उचलत होत्या, रोजगारात त्यांचा वाटा सुमारे 1 टक्का. टेलिफोन, विमानसेवा, जमीनजुमला अशा ज्या क्षेत्रांत कुटुंब होतं तिथेच परवान्यांच्या अटी वाढत, आणि ते हुकूम खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या सहीने निघत. जागतिक बँक ही त्याच राजवटीच्या आर्थिक शिस्तीचे गोडवे गात आलेली संस्था, हेही इथे नोंदवायला हवं.

आता सिदी बूझिदचा मोहम्मद बुअझीझी. तो बेकार पदवीधर होता असं सगळीकडे छापून आलं. ते खरं नाही, त्याचं शालेय शिक्षणही पुरं झालं नव्हतं. लहानपणापासून तो हातगाडीवर फळं-भाज्या विकत होता. 17 डिसेंबर 2010 ला पालिकेच्या माणसांनी त्याचा माल आणि तराजू जप्त केला, गव्हर्नरच्या कार्यालयात कुणी दाद दिली नाही, आणि त्याने त्या कार्यालयासमोर स्वतःला पेटवून घेतलं. 4 जानेवारीला तो गेला. सरकार शेतीतून आणि नोकऱ्यांतून बाजूला झालं होतं, पण रस्त्यावरून हटलं नव्हतं. जो स्वतःच्या पायावर उभा राहू बघेल त्याला परवाना, दंड, जप्ती आणि हप्ता या रूपाने ते रोज भेटत होतं. सिदी बूझिद हा वैराण प्रदेश नाही. तिथे बोअरवेलच्या पाण्यावर बागायती शेती वाढली होती, पण ती बाहेरच्या गुंतवणूकदारांची. कर्जापायी जमिनी गेलेल्या रगेब परिसरातल्या शेतकऱ्यांनी 2010 च्याच उन्हाळ्यात धरणं धरलं होतं. म्हणून डिसेंबरची ती बातमी रगेबला, मंझेल बूझयानला, मग थाला आणि कासरीनला पोचायला वेळ लागला नाही. स्थानिक यूजीटीटी शाखांनी मोर्चे काढले, 12 जानेवारीला स्फाक्समध्ये सार्वत्रिक संप झाला, 14 तारखेला ट्युनिसमध्ये, आणि त्याच संध्याकाळी बेन अली सौदी अरेबियाला पळाला.

गव्हाच्या भावाबद्दल थोडक्यात. ऑगस्ट 2010 मध्ये दुष्काळ आणि वणव्यांमुळे रशियाने गव्हाची निर्यात थांबवली, भाव झपाट्याने चढले, आणि जगात सगळ्यात जास्त गहू आयात करणारा देश इजिप्तच. पण महाग गव्हाने राजवटी पडत असत्या तर अल्जेरियाची आधी पडायला हवी होती. जानेवारी 2011 च्या पहिल्या आठवड्यात तिथे साखर आणि तेलाच्या भावावरून दंगली उसळल्या. सरकारकडे तेल-वायूचा पैसा होता, त्याने भाव उतरवले, पगार वाढवले. 1990 च्या दशकातल्या यादवीची भीतीही लोकांच्या मनात ताजी होती. आखातात तर सौदा अजून शाबूत होता, म्हणजे तिजोरीत पैसा होता. कुवेतने जानेवारी 2011 मध्ये प्रत्येक नागरिकाला 1,000 दिनार आणि वर्षाहून अधिक काळ मोफत शिधा जाहीर केला. सौदी राजाने काही आठवड्यांत 100 अब्ज डॉलरहून मोठी योजना आणली. तिथला घाम गाळणारा मजूर बाहेरचा, त्याचा राहण्याचा परवाना मालकाच्या हाती होता. रत्नागिरी-रायगडातल्या कित्येक घरांना ही व्यवस्था आतून माहीत आहे. संप करेल असा कामगारवर्ग तिथे नागरिकांमध्ये जवळपास नाहीच. बहारीनमध्ये तेल कमी आणि अन्याय जुना, तिथे लोक उठले, तर 14 मार्चला शेजाऱ्यांचं सैन्य शिरलं.

सीरियातही हाच सौदा मोडला होता. मे 2008 मध्ये डिझेल लिटरला 7 लिराचं एकदम 25 लिरा झालं, तेही सलग दुष्काळाच्या वर्षांत, जेव्हा पंपावर शेती करणारा शेतकरी आधीच कोलमडला होता. मार्च 2011 मध्ये दक्षिणेतल्या दरआ शहरात जमावाने जाळलेल्या इमारतींत राष्ट्राध्यक्षांच्या मामेभावाच्या, रामी मख्लूफच्या मोबाइल कंपनीचं कार्यालय होतं. पण तिथे चाळीस वर्षांत एकही स्वतंत्र संघटना शिल्लक ठेवली नव्हती, आणि राजवटीने पहिल्या आठवड्यापासून गोळ्या चालवल्या. पुढचं युद्ध हा वेगळा विषय आहे.

तरुणांच्या संख्येचं कारण मला सगळ्यात कमी पटतं. तरुण ओझं होतात ते त्यांना दिलेला शब्द मोडल्यावर. शिकलास तर नोकरी, नोकरी असेल तर घर, घर असेल तर लग्न, हा क्रम सरकारनेच दोन पिढ्यांच्या डोक्यात बसवला होता. 1980 च्या दशकानंतर सरकारी नेमणुकीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागू लागलं आणि पुढे हमी संपल्यातच जमा झाली. मुलींवर तर याचा दुहेरी मार बसला, कारण सरकारी नोकरी हीच त्यांच्या घरच्यांना मान्य असलेली बाहेरची वाट होती.

मग 2011 नंतर काय बदललं, असं तुम्ही विचाराल. राज्यघटना बदलल्या, निवडणुका झाल्या, पण सौद्याची आर्थिक बाजू कुणी हाती घेतली नाही. ट्युनिशियाने 2013 मध्ये आणि पुन्हा 2016 मध्ये नाणेनिधीकडून कर्ज घेतलं. कासरीन आणि ततावीनमधले तरुण पुन्हा रस्त्यावर आले, आणि 25 जुलै 2021 ला राष्ट्राध्यक्ष कैस सईदने संसद गोठवली तेव्हा तिच्या बचावाला फारसं कुणी आलं नाही. इजिप्तने नोव्हेंबर 2016 मध्ये 12 अब्ज डॉलरचं कर्ज घेतलं आणि पौंडाचा भाव बाजारावर सोडला, काही आठवड्यांत त्याची किंमत निम्म्याच्या आसपास आली. जून 2024 मध्ये ऐश बलदीचा भाव 5 पियास्टरवरून 20 वर नेला. 1977 मध्ये याच्याहून कमी गोष्टीवर देश पेटला होता. या वेळी तसं झालं नाही, कारण 2013 चा मोर्चाबंदीचा कायदा, 2017 चा कामगार संघटनांचा कायदा आणि भरलेले तुरुंग यांनी राग एकत्र येण्याच्या जागाच मोडून टाकल्या होत्या. महल्लात 2006 मध्ये जे होऊ शकलं ते आज तिथे करणं कितीतरी कठीण आहे.

संघटना शिल्लक असली की काय होतं याचं उदाहरण सुदानचं. डिसेंबर 2018 मध्ये रोटी एका पौंडावरून तीन पौंडांवर गेली. 19 तारखेला भडका उडाला तो अत्बरा या रेल्वेच्या गावात, जिथे कामगार संघटनेची परंपरा ब्रिटिश काळापासूनची. सत्ताधारी पक्षाचं कार्यालय लोकांनी जाळलं. डॉक्टर, शिक्षक, वकील यांच्या संघटनांनी मिळून खार्टूममध्ये 25 डिसेंबरला संसदेवर मोर्चा ठरवला होता, मागणी किमान वेतन वाढवण्याची. अत्बरानंतर त्यांनी तारीख तीच ठेवली, मोर्चा राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाकडे वळवला आणि निवेदनात एकच मागणी लिहिली, ओमर अल-बशीरने पायउतार व्हावं. 11 एप्रिल 2019 ला लष्कराने त्याला हटवलं.